कागदावर न उतरलेले शौर्य

अमेरिकेत सैनिक लष्करी सेवेतून मुक्त होतो तेव्हा त्याच्या हाती एक दाखला दिला जातो. ‘डीडी २१४’ असे त्याचे रूक्ष, कारकुनी नाव. सैनिकाने कोठे, किती काळ आणि कोणत्या हुद्द्यावर सेवा केली याची नोंद त्यावर असते आणि त्यातच एक रकाना पदकांचा असतो. सरकारी नोकरी मागताना, घरासाठी सरकारी हमीचे कर्ज घेताना, माजी सैनिकांच्या रुग्णालयात उपचार घेताना आणि अखेरीस लष्करी इतमामाने दफन होतानाही हाच दाखला पुढे करावा लागतो. त्या रकान्यात एखाद्या पदकाचे नाव राहून गेले, तर ते पदक सैनिकाच्या छातीवर प्रत्यक्ष लावले गेले असले तरी शासनाच्या लेखी ते नसतेच. असा सैनिक अनेकदा उतारवयात, मुलानातवंडांच्या आग्रहावरून, नोंद दुरुस्त करून मागतो आणि मग त्याची गाठ एका वेगळ्याच यंत्रणेशी पडते.

वरवर पाहता ही बाब कारकुनी आहे. परंतु रणांगणावर काय घडले हे सांगण्याचा अंतिम अधिकार कोणाचा, असा प्रश्न तिच्या मुळाशी आहे. ज्याने पराक्रम केला त्याचा, ज्यांनी तो पाहिला त्यांचा, की ज्याने त्याचा कागद लिहिला आणि पुढे कदाचित हरवला त्याचा? कागद सांभाळण्याची जबाबदारी शासनाची असते. तो गहाळ झाल्यास पुरावा आणण्याची जबाबदारी मात्र सैनिकावर येते. या उलट्या न्यायाची उदाहरणे अमेरिकेत विपुल आहेत आणि भारतालाही ती अपरिचित नाहीत.

पॅरिस डेव्हिस यांचे उदाहरण त्यांपैकी सर्वात बोलके. १७ आणि १८ जून १९६५ रोजी व्हिएतनाममधील बाँग सोनजवळ झालेल्या लढाईत स्पेशल फोर्सेसचे कॅप्टन असलेले डेव्हिस दक्षिण व्हिएतनामी सैनिकांच्या एका तुकडीचे नेतृत्व करीत होते. जवळजवळ १९ तास चाललेल्या या चकमकीत ते स्वतः अनेकदा जखमी झाले. तरीही माघारीचा आदेश मिळूनसुद्धा आपले जखमी अमेरिकी सहकारी उघड्या मैदानातून ओढून बाहेर काढल्याखेरीज त्यांनी जागा सोडली नाही. त्यांच्या वरिष्ठांनी सर्वोच्च सन्मानासाठी, म्हणजे ‘मेडल ऑफ ऑनर’साठी, शिफारस केली. ती शिफारस हरवली. १९६९ मध्ये लष्कराने चौकशी केली तेव्हा अशी फाइलच अस्तित्वात नसल्याचे निष्पन्न झाले. ती नव्याने तयार करण्याचे आदेश निघाले आणि त्यानंतरचे कागदही बेपत्ता झाले. डेव्हिस कृष्णवर्णीय होते. त्या काळी कृष्णवर्णीय अधिकाऱ्याने गोऱ्या सैनिकांचे नेतृत्व करणे ही अपवादात्मक गोष्ट होती. एकाच माणसाची शिफारस दोनदा हरवावी, हा योगायोग मानणे त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना कधीच पटले नाही. त्या सहकाऱ्यांनी आणि काही स्वयंसेवकांनी अनेक वर्षे खपून प्रत्यक्षदर्शींचे जबाब आणि जुने अहवाल गोळा केले. ३ मार्च २०२३ रोजी, घटनेनंतर जवळपास ५८ वर्षांनी, अध्यक्ष बायडेन यांनी ते पदक डेव्हिस यांच्या गळ्यात घातले. तेव्हा डेव्हिस ८३ वर्षांचे होते.

डेव्हिस यांना पाठीराखे मिळाले, वृत्तपत्रांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि संरक्षण खात्याच्या सर्वोच्च पातळीवरून फेरतपासणीचे आदेश निघाले. सामान्य शिपायाच्या वाट्याला यातले काहीही येत नाही. त्याची वाट कोणती, हे समजून घ्यायचे तर आधी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. काही अर्ज निव्वळ राहून गेलेल्या नोंदीचे असतात. पदक रीतसर मंजूर झाले, त्याचा आदेश निघाला, पण दाखला टंकलिखित करणाऱ्याने ते लिहिले नाही. मोहिमेत भाग घेतल्याबद्दल सरसकट मिळणारी पदके याच प्रकारात येतात. अशा वेळी मूळ आदेश सापडला की ‘डीडी २१५’ हा दुरुस्तीपत्रकाचा कागद निघतो आणि प्रकरण मिटते. दुसऱ्या प्रकारचे अर्ज मात्र निर्णयच बदलून मागणारे असतात. शिफारस झाली पण निर्णय झाला नाही, हलके पदक दिले गेले, किंवा कोणी शिफारसच केली नाही, अशा तक्रारींचे. पहिल्या प्रकारात शासनाला स्वतःचाच कागद वाचायचा असतो. दुसऱ्यात स्वतःच्याच माणसाचा निर्णय चुकल्याचे मान्य करायचे असते. पहिला प्रकार सोपा वाटतो खरा, पण त्यासाठी मूळ कागद जागेवर असावा लागतो.

आणि नेमके तेच लक्षावधी सैनिकांच्या बाबतीत शक्य राहिलेले नाही. १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर मिसुरी राज्यात, सेंट लुई शहरालगत असलेल्या राष्ट्रीय सेवा-अभिलेख केंद्राच्या सहाव्या मजल्याला आग लागली. ती पूर्ण विझायला काही दिवस लागले. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या सेवा-फायली तीत नष्ट झाल्या. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के सैनिकांच्या नोंदी गेल्या. हवाई दलातून सप्टेंबर १९४७ ते जानेवारी १९६४ या काळात बाहेर पडलेल्यांपैकी, आडनावाच्या वर्णक्रमात ‘हबर्ड’च्या पुढे येणाऱ्यांच्या सुमारे ७५ टक्के फायली जळाल्या. आडनाव वर्णमालेत अलीकडे आहे की पलीकडे, यावर एखाद्या वैमानिकाचा लष्करी भूतकाळ शिल्लक राहावा, यासारखा क्रूर विनोद दुसरा नाही. या फायलींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मचित्रफिती काढलेल्या नव्हत्या, इतकेच काय, कोणाकोणाच्या फायली तेथे होत्या याची संपूर्ण सूचीही नव्हती. आगीचे नेमके कारण कधीच निश्चित झाले नाही. जे कागद आगीतून वाचले ते पाण्याने भिजले आणि त्यांना बुरशी लागू नये म्हणून पुढे स्वतंत्र व्यवस्था करावी लागली. त्या फायली आजही कर्मचारी हातमोजे घालून उलगडतात.

तेव्हापासून अशा सैनिकाची नोंद पुन्हा जुळवायची म्हणजे अन्य दप्तरांतून तुकडे गोळा करणे आले. अखेरच्या पगाराची पावती, तुकडीचे रोजचे सकाळचे अहवाल, रुग्णालयातील भरतीच्या नोंदी, माजी सैनिक खात्याकडे जमा झालेले दावे अशा ठिकाणी त्याचे नाव शोधले जाते. पगाराच्या पावतीवरून तो सेवेत होता हे सिद्ध होते. एखाद्या टेकडीवर त्याने काय केले हे त्यातून कळत नाही. कोरियातील एखाद्या रात्री गोळ्यांच्या वर्षावात साथीदाराला पाठीवर घेऊन परतलेल्या शिपायाचा पराक्रम पगारपत्रकात कोठून उतरणार?

‘पर्पल हार्ट’ या पदकाचे उदाहरण घ्यावे. हे पदक शौर्याचे नव्हे, जखमेचे आहे. शत्रूच्या हल्ल्यात जखम झाली, तिच्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याने उपचार केले आणि त्या उपचारांची अधिकृत नोंद झाली, अशा तीन अटी त्यासाठी आहेत. पहिल्या दोन अटी सैनिकाच्या शरीरावर लिहिलेल्या असतात. तिसरी ज्या कागदावर असते तो बहुधा सापडत नाही. चालू लढाईत मलमपट्टी करून लगेच आघाडीवर परतलेल्याची नोंद कोण करणार? शेजारी लढणाऱ्या सहकाऱ्यांचे जबाब ग्राह्य धरले जातात, परंतु समकालीन वैद्यकीय कागदाच्या तुलनेत त्यांचे वजन कमी पडते. शिवाय असे जबाब देणारे वर्षागणिक कमी होत जातात. आणि प्रश्न केवळ मानाचा नाही. अमेरिकी सरकारी नोकरभरतीत ‘पर्पल हार्ट’धारकास १० गुणांची सवलत असते, ठरावीक मोहिमांच्या पदकधारकास ५ गुणांची. माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत ‘पर्पल हार्ट’धारकांना अग्रक्रम असतो. युद्धातून आलेल्या मानसिक आघातासाठी भरपाई मागताना सैनिक प्रत्यक्ष लढाईत होता की नाही, हे ठरविण्यासही अशा पदकाचा आधार घेतला जातो. रकान्यातल्या एका ओळीची किंमत त्यामुळे पैशातही मोजता येते.

कागद सापडत नाही किंवा खात्याने नकार दिला, तर शेवटचा दरवाजा म्हणजे अभिलेख दुरुस्ती मंडळ. या मंडळांचा जन्म मोठा मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत नोंद दुरुस्त करून घ्यायची असली की सैनिक आपल्या मतदारसंघातील काँग्रेस सदस्याला गाठत असे आणि तो त्या एकट्या माणसासाठी स्वतंत्र विधेयक मांडत असे. महायुद्धानंतर अशा विधेयकांचा लोंढा येणार हे ओळखून काँग्रेसने १९४६ मध्ये ती प्रथाच बंद केली आणि हे काम प्रत्येक सेनादलाच्या मंत्र्याकडे सोपविले. मंडळाचे सदस्य गणवेशातील अधिकारी नसावेत, मुलकी असावेत, असे कायद्यात म्हटले आहे. ‘चूक’ आणि ‘अन्याय’ अशा दोन्ही कारणांसाठी नोंद बदलता येते, हे त्या कायद्याचे सर्वात मोठे वैशिष्ट्य. म्हणजे सर्व नियम पाळूनही एखाद्याच्या वाट्याला अन्याय येऊ शकतो, हे कायदे करणाऱ्यांनी मान्य केले आहे. आपल्याकडील किती सेवानियमांमध्ये एवढा प्रांजळपणा आढळेल?

व्यवहारात मात्र हे औदार्य आक्रसत जाते. चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षांत अर्ज करावा लागतो. न्यायाच्या हितासाठी ती मुदत माफ करण्याचा अधिकार मंडळाला आहे, पण तो वापरायचा की नाही हे मंडळच ठरवते. प्रत्यक्ष सुनावणीचा हक्क अर्जदाराला नाही. बहुतेक निर्णय कागदपत्रांवरून होतात. ९० टक्के प्रकरणे १० महिन्यांत आणि कोणतेही प्रकरण १८ महिन्यांत निकाली काढावे, असे बंधन कायद्याने घातले आहे. ऐंशी वर्षांच्या अर्जदाराला दीड वर्ष म्हणजे किती, हे त्या आकड्यांत दिसत नाही. त्यातही सर्वात जाचक ठरते ती एक गृहीत धारणा. लष्कराने जे केले ते रीतसरच केले असणार, असे मानून मंडळ सुरुवात करते आणि ते खोडून काढण्याचे काम अर्जदाराचे असते. फाइल शाबूत असेल तेथे हे तत्त्व समजण्यासारखे आहे. जेथे फाइलच जळाली किंवा हरवली, तेथे ‘सर्व काही रीतसर झाले’ असे धरून चालण्याला कोणता आधार आहे? कागद हरवणाऱ्याने कागदाच्या अभावाचा फायदा घ्यावा, हे कोणत्याही दिवाणी न्यायालयात सहजासहजी खपणार नाही.

इतका कठोरपणा का, याचेही उत्तर दिले पाहिजे. पदकांच्या बाबतीत खोटेपणा होतो आणि तो होतो म्हणूनच खऱ्या पदकाला किंमत उरते. खोटी पदके मिरवणाऱ्यांना शिक्षा करणारा अमेरिकेतील २००५ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला आणि २०१३ मध्ये काँग्रेसला लाभासाठी केलेल्या फसवणुकीपुरता मर्यादित असा नवा कायदा करावा लागला. आपल्याकडेही २००३ मध्ये सियाचिनमध्ये शत्रुसैनिकांना मारल्याचे बनावट चित्रण करून शौर्यपदक मिळविण्याचा प्रयत्न झाला आणि संबंधित अधिकाऱ्याला लष्करी न्यायालयाला सामोरे जावे लागले. तेव्हा दरवाजावर पहारा हवाच.

पण कागदाचा पहारा किती निष्ठुर होऊ शकतो, हे अ‍ॅडमिरल जेरेमी बुर्डा यांच्या शोकांतिकेत दिसते. वय लपवून नौदलात भरती झालेला हा साधा खलाशी सर्वात खालच्या हुद्द्यापासून चढत अमेरिकी नौदलाच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचला. असे करणारे ते पहिलेच. व्हिएतनाममधील सेवेबद्दल मिळालेल्या दोन पदकांच्या फितींवर ते प्रत्यक्ष लढाईतील सहभाग दर्शविणारे ‘व्ही’ हे छोटे पितळी अक्षर लावत. ते लावण्याचा अधिकार त्यांना होता की नाही, याबाबत शंका उपस्थित झाली आणि त्यांनी ती अक्षरे काढूनही टाकली. मात्र एका साप्ताहिकाचे पत्रकार त्याच विषयावर त्यांना भेटण्यासाठी येणार होते त्या दिवशी, १६ मे १९९६ रोजी, बुर्डा यांनी आत्महत्या केली. त्यांच्या वेळच्या नौदलप्रमुखांनी, अ‍ॅडमिरल झुमवॉल्ट यांनी, ती अक्षरे लावणे योग्यच होते असे पत्र दिले आणि १९९८ मध्ये ते बुर्डा यांच्या सेवा-फायलीत ठेवले गेले. १९९९ मध्ये नौदलाच्या दुरुस्ती मंडळाने मात्र त्यांना तो अधिकार नव्हता, असाच निष्कर्ष काढला. म्हणजे ज्या काळी ही अक्षरे लावली जात होती, त्या काळच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचा शब्दही लेखी आदेशाची जागा घेऊ शकला नाही. तत्त्व म्हणून हे निःपक्षपाती आहे, हे मान्यच करावे लागेल. आरमाराच्या प्रमुखाला जो नियम, तोच शिपायाला.

तथापि कागद निःपक्षपाती असतो या समजाला इतिहासाचा आधार नाही. १९१७ मध्ये निवृत्त सेनानींच्या एका मंडळाने तोवरच्या २,६२५ ‘मेडल ऑफ ऑनर’ची तपासणी करून ९११ नावे यादीतून वगळली. त्यांतील ८६४ नावे मेन राज्याच्या २७ व्या पलटणीतील होती. यादवी युद्धात वॉशिंग्टनच्या रक्षणासाठी मुदतीनंतरही थांबण्यास तयार झालेल्या सुमारे ३०० जणांना द्यावयाचे पदक कारकुनी गोंधळामुळे सगळ्या पलटणीला मिळाले होते. ती दुरुस्ती योग्य होती. पण त्याच फटक्यात डॉ. मेरी वॉकर यांचेही पदक गेले. यादवी युद्धात शल्यविशारद म्हणून काम केलेल्या आणि शत्रूच्या कैदेत राहिलेल्या या महिलेला १८६५ मध्ये हे पदक मिळाले होते. त्या अधिकृतपणे सैनिक नव्हत्या, कंत्राटी डॉक्टर होत्या, एवढेच कारण ते काढून घेण्यास पुरले. वॉकर यांनी पदक परत करण्याचे साफ नाकारले आणि १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या ते छातीवर लावून हिंडत राहिल्या. अखेर १९७७ मध्ये भूदलाच्या अभिलेख दुरुस्ती मंडळाच्या शिफारशीवरून त्यांचे नाव यादीत परत आले. त्या आजवरच्या एकमेव महिला पदकधारक आहेत. ज्या मंडळाकडे सामान्य शिपाई पितळी अक्षरासाठी दाद मागतो, त्याच मंडळाने शासनाचा साठ वर्षांपूर्वीचा निर्णय फिरविला. इच्छा असली की मुदतीचे बंधन आड येत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आणखी एक प्रकार असा, की नोंद असते पण ती अपुरी असते आणि ती तशी राहावी अशी शासनाचीच इच्छा असते. नौदलाचे वैमानिक रॉयस विल्यम्स यांनी १८ नोव्हेंबर १९५२ रोजी कोरियन युद्धात सात सोव्हिएत मिग-१५ विमानांशी एकट्याने झुंज दिली. विमानवाहू जहाजावर ते कसेबसे परतले तेव्हा त्यांच्या विमानाला २६३ छिद्रे पडलेली होती. सोव्हिएत संघ उघडपणे युद्धात ओढला जाऊ नये म्हणून ही झुंज गुप्त ठेवण्याचे ठरले आणि विल्यम्स यांना कोणाजवळही तिचा उल्लेख न करण्याचा आदेश मिळाला. अनेक दशके त्यांनी तो घरच्या माणसांपाशीही पाळला. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर रशियाकडील माहिती बाहेर आली आणि त्या दिवशी चार मिग पडल्याचे उघड झाले. १९५३ मध्ये त्यांना दिलेल्या ‘सिल्व्हर स्टार’च्या जागी ‘नेव्ही क्रॉस’ मिळायला जानेवारी २०२३ उजाडले. जो सैनिक आदेशाप्रमाणे गप्प राहिला, त्याच्याकडे तुम्ही वेळेत दाद का मागितली नाही, असे विचारायचे कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या महायुद्धातील कृष्णवर्णीय सैनिकांच्या बाबतीत तर रकाना कोराच होता. युद्धकाळात आणि त्यानंतर लगेच त्यांच्यापैकी एकालाही ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले नाही. लष्कराने १९९३ मध्ये शॉ विद्यापीठाकडे याचा अभ्यास सोपविला आणि जानेवारी १९९७ मध्ये सात जणांना ते पदक देण्यात आले. त्यांच्यापैकी ते घेण्यासाठी एकच जण हयात होता, व्हर्नन बेकर. हे काम एकेकट्याच्या अर्जाने होणारे नव्हते. जो अन्याय पद्धतशीरपणे झाला त्याची तपासणीही शासनाने स्वतःहून पद्धतशीरपणेच करायला हवी होती, आणि उशिरा का होईना, ती झाली. याउलट एक जुना, साधा नियम अनेकांना तारून गेला. लढाईतील पायदळ सैनिकाला १९४३ पासून मिळणारा बिल्ला ज्याच्या नावावर आहे, त्याला स्वतंत्र शिफारशीशिवाय ‘ब्राँझ स्टार’ द्यावा, असे १९४७ मध्ये ठरले. त्या नियमाच्या आधारे महायुद्धातील सैनिकांना अनेक दशकांनंतरही अर्ज करून ते पदक मिळविता आले. एका सहज तपासता येण्याजोग्या नोंदीवर पदक बांधले, म्हणून ते शक्य झाले.

आता आपल्याकडे वळू. भारतीय जवानाच्या सेवेतील प्रत्येक घडामोड पलटणीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये येते आणि तेथून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात पोहोचते, मराठा लाइट इन्फंट्रीचे हे दप्तर बेळगावला आहे. शौर्यपदके भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात, त्यामुळे परमवीर चक्रापासून सेना पदकापर्यंतची नोंद सहसा हरवत नाही. १९७१ च्या युद्धातील पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार किंवा संग्राम पदक यांसारखी सहभागाची पदके मात्र पलटणीच्या याद्यांवर अवलंबून असतात. नाव यादीत राहून गेलेल्या सातारा-कोल्हापूरकडच्या एखाद्या माजी जवानाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि रेकॉर्ड ऑफिस यांच्यामध्ये पत्रव्यवहार करीत बसावे लागते. अमेरिकेसारखे स्वतंत्र मुलकी दुरुस्ती मंडळ आपल्याकडे नाही.

जे आहे ते सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते निर्माण झाले आणि २००९ मध्ये सुरू झाले; मुंबईतही त्याचे एक पीठ आहे. दाद मागण्याची मुदत सर्वसाधारणपणे सहा महिन्यांची असून विलंब माफ करण्याची सोय आहे. या न्यायाधिकरणाने अगदी सुरुवातीलाच एक निर्णय दिला आणि तो या संपूर्ण विषयाच्या मुळाशी जाणारा होता. कारगिल युद्धात बटालिक क्षेत्रातील ७० व्या इन्फंट्री ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंग यांनी आपल्या कामगिरीचा अहवाल जाणीवपूर्वक उणा लिहिला गेल्याची तक्रार केली होती. १५ व्या कोअरचे तत्कालीन प्रमुख लेफ्टनंट जनरल किशन पाल यांचे मूल्यमापन पूर्वग्रहदूषित असल्याचा निष्कर्ष न्यायाधिकरणाने मे २०१० मध्ये काढला, ते काढून टाकण्यास सांगितले आणि युद्धाच्या अधिकृत नोंदीतही दुरुस्ती करण्याचा आदेश दिला. युद्ध संपून तेव्हा जवळपास अकरा वर्षे झाली होती आणि ब्रिगेडियर निवृत्त झाले होते. युद्धात ब्रिगेड चालविणाऱ्या या अधिकाऱ्याला मिळाले होते ते विशिष्ट सेवा पदक, जे शांतताकाळातील उल्लेखनीय सेवेसाठीही दिले जाते.

या निर्णयाचा अर्थ नीट पाहायला हवा. पलटणीचा, ब्रिगेडचा किंवा कोअरचा युद्ध अहवाल म्हणजे इतिहासाचा कच्चा माल असतो. पदकांच्या शिफारशी त्यातूनच निघतात, बढत्या त्यावरच ठरतात आणि पुढे लष्कराचा अधिकृत इतिहासही त्यावरूनच लिहिला जातो. तो चुकीचा लिहिला गेल्याचे न्यायाधिकरण सांगू शकते. परंतु त्या चुकीच्या अहवालामुळे जे पदक मिळाले नाही ते देण्याचा मार्ग त्याच्याकडे नाही, कारण पदक हा हक्क मानला जात नाही. नोंद दुरुस्त होते आणि तिचे परिणाम जसेच्या तसे राहतात, अशी ही विचित्र अवस्था. अमेरिकेत १९९६ पासून निदान काँग्रेस सदस्याच्या विनंतीवरून मुदत उलटलेल्या शिफारशीचीही गुणवत्तेवर तपासणी करावी लागते आणि तिचा निष्कर्ष लेखी कळवावा लागतो. आपल्या खासदारांना तशी कोणतीही वाट कायद्याने उपलब्ध नाही.

येथे फार मोठ्या सुधारणांची गरज आहे असे नाही. लढाईनंतर झालेली प्रत्येक शिफारस, मग ती मंजूर होवो वा नामंजूर, पलटणीबाहेर दुसऱ्या एका दप्तरात जतन व्हावी आणि ठरावीक वर्षांनंतर ती त्या सैनिकाला पाहता यावी, ही किमान अपेक्षा आहे. सेंट लुईच्या आगीने दुसऱ्या प्रतीचे मोल शिकविले. डेव्हिस यांच्या प्रकरणाने ती प्रत ज्याच्याविषयी आहे त्याच्यापासून दडवून ठेवण्याचा परिणाम दाखविला. कागद शासनाच्या ताब्यातून गहाळ झाल्याचे सिद्ध होईल तेथे सहकाऱ्यांच्या शपथपत्रांना पुरेसे वजन मिळावे आणि मुदतीची अट आपोआप शिथिल व्हावी, ही त्यापुढची पायरी. खोट्या दाव्यांची भीती यातून वाढत नाही, कारण शपथपत्र तपासता येते आणि खोटे शपथपत्र देणाऱ्याला शिक्षाही करता येते. हे काम लांबणीवर टाकणे मात्र परवडणारे नाही. १९७१ मध्ये विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे आणि त्याच्या बाजूने साक्ष देऊ शकणारे खंदकातील सोबतीही त्याच वयाचे आहेत.